आश्रित जोडीदाराची ओळख आणि विम्याचे कवच

अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ३० ऑक्टोबर २०२५ पासून कामाच्या परवान्याविषयीचा एक नियम बदलला. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत दाखल केला असल्यास जुन्या परवान्याची मुदत ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढत असे. त्या दिवसापासून दाखल होणाऱ्या बहुतेक अर्जांसाठी ही सोय बंद झाली. वरवर पाहता ही एक प्रशासकीय बाब आहे. परंतु पतीच्या किंवा पत्नीच्या व्हिसावर अवलंबून अमेरिकेत राहणाऱ्या हजारो भारतीयांच्या दृष्टीने तिचा अर्थ सरळ आहे. परवान्याची मुदत संपली आणि नवा परवाना हाती आला नाही, तर दुसऱ्या दिवसापासून कामावर जाता येत नाही. नोकरी गेली की त्या नोकरीतून मिळणारा आरोग्य विमाही धोक्यात येतो.

या घटनेने एका जुन्या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वेधले आहे. परदेशी जोडीदाराला व्हिसा मिळाला, म्हणजे त्या देशात राहण्याची परवानगी मिळाली. मात्र तेथील व्यवहारात त्याला अस्तित्व मिळते ते एका क्रमांकाने आणि आजारपणात आधार मिळतो तो विम्याने. अमेरिकेत या दोन्ही गोष्टी प्रामुख्याने नोकरीशी बांधलेल्या आहेत. ज्याला नोकरीचा अधिकार नाही, त्याचे दैनंदिन जीवन त्यामुळे दुसऱ्याच्या नावावर चालते. प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

वेतनाच्या नोंदीतून आलेला क्रमांक

अमेरिकेतील सोशल सिक्युरिटी क्रमांक १९३६ मध्ये अस्तित्वात आला. कामगाराने किती वेतन मिळवले आणि त्याच्या निवृत्तिवेतनासाठी किती रक्कम जमा झाली, याची नोंद ठेवणे एवढाच त्याचा हेतू होता. पुढील काही दशकांत प्राप्तिकर खाते, बँका, पतसंस्था, विमा कंपन्या आणि घरमालक या सर्वांनी तोच नऊ अंकी क्रमांक ओळखीसाठी वापरण्यास सुरुवात केली. वेतनाच्या खतावणीतील क्रमांक अशा रीतीने माणसाची ओळख ठरला.

पूर्वी नोकरीचा अधिकार नसलेल्या परदेशी नागरिकांनाही कर किंवा वाहन परवाना यांसारख्या कारणांसाठी हा क्रमांक मिळत असे. ही वाट टप्प्याटप्प्याने अरुंद होत गेली. करविषयक गरजेसाठी १९९६ मध्ये वैयक्तिक करदाता ओळख क्रमांक, म्हणजेच ‘आयटीआयएन’, सुरू करण्यात आला. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर ओळखपत्रांबाबत कडक धोरण आले आणि २००३ च्या नियमांनी बिगर-नोकरी कारणांसाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक देण्यावर मोठी मर्यादा घातली. परिणामी, एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या भारतीय अभियंत्याला हा क्रमांक मिळतो. एच-४ व्हिसावर त्याच्यासोबत आलेल्या पत्नीला मात्र, तिच्याकडे कामाचा परवाना नसल्यास, तो मिळत नाही.

हा प्रश्न भारतासाठी किती महत्त्वाचा आहे, हे आकडेवारीवरून स्पष्ट होते. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अर्ज भारतात जन्मलेल्या व्यक्तींचे असतात. एच-४ व्हिसाधारकांना कामाचा परवाना देण्याची योजना मे २०१५ मध्ये सुरू झाली. पहिल्या अडीच वर्षांत ज्यांना असा परवाना मिळाला, त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक व्यक्ती भारतात जन्मलेल्या होत्या आणि नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. या योजनेविरुद्धचा दीर्घकाळ चाललेला न्यायालयीन वाद ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सुनावणीस घेण्याचे नाकारल्याने योजना कायम राहिली. परंतु तिचा लाभ सर्वांना मिळत नाही. कायमस्वरूपी वास्तव्याच्या प्रक्रियेत जोडीदाराने ठरावीक टप्पा गाठला असेल, तरच हा परवाना मिळतो. नुकत्याच विवाह करून गेलेल्या तरुणीला त्यासाठी अनेकदा काही वर्षे थांबावे लागते.

पर्यायी क्रमांकाची मर्यादा

ज्यांना सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी आयटीआयएन हा पर्याय आहे. त्याचे आर्थिक महत्त्व कमी नाही. पती-पत्नींनी संयुक्त विवरणपत्र भरल्यास २०२५ या कर वर्षासाठी मिळणारी प्रमाणित वजावट ३१,५०० डॉलर आहे, तर वेगवेगळी विवरणपत्रे भरल्यास प्रत्येकी १५,७५० डॉलर. एकाच व्यक्तीची मिळकत असलेल्या घराला संयुक्त विवरणपत्राचा लाभ उघडच मोठा असतो आणि त्यासाठी दोघांचाही क्रमांक आवश्यक असतो.

अडचण आहे ती पद्धतीत. आयटीआयएनचा अर्ज सामान्यतः प्राप्तिकर विवरणपत्रासोबतच करावा लागतो. त्यामुळे मे-जूनमध्ये तेथे पोहोचलेल्या जोडीदाराला पुढच्या वर्षीच्या कर हंगामापर्यंत कोणताही क्रमांक नसतो. अर्जासोबत मूळ पारपत्र किंवा पारपत्र देणाऱ्या यंत्रणेने साक्षांकित केलेली प्रत टेक्सासमधील ऑस्टिन येथील कार्यालयाकडे पाठवावी लागते. कर हंगामात या प्रक्रियेला नऊ ते अकरा आठवडे लागू शकतात. परक्या देशात पारपत्र इतके दिवस हातावेगळे करणे कोणालाही धोक्याचे वाटेल. त्यावर उपाय आहे. कर खात्याने मान्यता दिलेल्या प्रमाणन प्रतिनिधीकडून किंवा कर खात्याच्या ठरावीक साहाय्य केंद्रांवर पारपत्राची पडताळणी करून घेता येते आणि मूळ दस्तऐवज स्वतःजवळ राहतो. मात्र ही सोय अनेकांना पारपत्र टपालात टाकल्यानंतरच कळते. शिवाय हा क्रमांक सलग तीन कर वर्षे विवरणपत्रात वापरला गेला नाही, तर तो रद्द होतो.

आयटीआयएन हा केवळ करासाठी आहे. त्यामुळे काम करण्याचा किंवा तेथे राहण्याचा अधिकार मिळत नाही आणि सोशल सिक्युरिटी योजनेचे लाभही मिळत नाहीत. दोन क्रमांकांतील हा भेद किती खोल आहे, याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. कोविड महामारीच्या काळात मार्च २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने प्रत्येक पात्र प्रौढाला १,२०० डॉलरचे साहाय्य जाहीर केले. परंतु संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यापैकी एकाकडे जरी सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला, तरी, लष्करी सेवेतील कुटुंबांचा अपवाद वगळता, दोघांनाही काहीच मिळाले नाही. अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांच्या वाट्याचे ५०० डॉलरही गेले. हा फटका केवळ परदेशी कुटुंबांना बसला नाही. परदेशी व्यक्तीशी विवाह केलेले अमेरिकी नागरिकही त्यात सापडले. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही चूक पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त केली आणि ज्याच्याकडे क्रमांक आहे त्याचा हिस्सा मान्य झाला. तथापि सर्वाधिक गरजेचे नऊ महिने तोपर्यंत उलटून गेले होते.

विम्याची मुदत लग्नाच्या तारखेपासून

क्रमांकाइतकाच, किंबहुना त्याहूनही तातडीचा प्रश्न आरोग्य विम्याचा आहे. अमेरिकेत ६५ वर्षांखालील लोकांसाठी नोकरीतून मिळणारा विमा हाच मुख्य आधार आहे. कैसर फॅमिली फाउंडेशन या नावाने परिचित असलेल्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यापैकी कर्मचाऱ्याच्या वेतनातून सरासरी ६,२९६ डॉलर कापले जात आणि उरलेला भार मालक उचलत असे. वैयक्तिक पातळीवर एवढे कवच विकत घेणे सामान्य मिळकतीच्या कुटुंबाला परवडणारे नाही. म्हणूनच कंपनीच्या योजनेत जोडीदाराचे नाव वेळेत नोंदवले जाणे महत्त्वाचे ठरते.

कायद्यातील एक तरतूद येथे भारतीय कुटुंबांना नेमकी अडचणीची ठरते. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानुसार विवाह झाल्यावर जोडीदाराला योजनेत घेण्यासाठी विशेष नोंदणीची संधी मिळते आणि त्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. ही मुदत विवाहाच्या तारखेपासून मोजली जाते. आपल्याकडे मुलगा तीन आठवड्यांची रजा घेऊन येतो, लग्न होते, तो परत जातो आणि मुलगी विवाह नोंदणी, पारपत्र व व्हिसाची मुलाखत यांत काही महिने अडकते. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाल्यावर भारतातील अनेक मुलाखती पुढे ढकलण्यात आल्या, त्यामुळे हा कालावधी आणखी लांबला. ती विमानातून उतरते, तेव्हा ३० दिवस केव्हाच संपलेले असतात. काही कंपन्या जोडीदाराचे देशात आगमन हीसुद्धा नोंदणीची संधी मानतात, पण ते त्या त्या योजनेच्या नियमांवर अवलंबून आहे. तसे नसल्यास वार्षिक नोंदणीच्या काळापर्यंत थांबण्याखेरीज कंपनीच्या योजनेत मार्ग राहत नाही.

ही पोकळी भरून काढण्यासाठी अनेक जण भारतातून प्रवास विमा घेऊन जातात. अचानक उद्भवलेल्या आजारासाठी किंवा अपघातासाठी तो उपयोगी पडतो. परंतु आधीपासूनचे आजार आणि बाळंतपण यांचा खर्च त्यात सहसा समाविष्ट नसतो. नवविवाहित दांपत्याच्या दृष्टीने ही उणीव किती मोठी आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

यात एक गैरसमज मोठे नुकसान करतो. विम्याच्या नोंदणी अर्जात जोडीदाराच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा रकाना असतो. तो भरता येत नाही म्हणून अर्ज अपूर्ण ठरतो, असे कंपनीतील कर्मचारी कधी कधी सांगतात आणि कुटुंबही ते मान्य करते. वस्तुस्थिती वेगळी आहे. हा क्रमांक विचारण्याचे कारण मुख्यतः विमा कंपन्यांवरील अहवालाचे बंधन आहे. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेशी समन्वय राखण्यासाठी २००७ च्या कायद्याने हे बंधन आणले, तर पुढे आरोग्य विमा सुधारणांनी करविषयक अहवालाची भर घातली. या करविषयक अहवालात, वाजवी प्रयत्न करूनही क्रमांक मिळाला नाही, तर जन्मतारीख देण्याची मुभा आहे. क्रमांक नाही म्हणजे विमा नाही, असे कायदा म्हणत नाही. ते खिडकीवर सांगितले जाते. वाहन परवान्याच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. २००५ च्या केंद्रीय कायद्याने अर्जदाराकडे क्रमांक मागितला असला, तरी तो क्रमांकास पात्र नसल्याची पडताळणी पर्याय म्हणून मान्य केली आहे. सोशल सिक्युरिटी कार्यालयाकडून तसे पत्र मागून घ्यावे लागते, एवढेच.

आधार सुटतो तेव्हा

अवलंबित्वाची खरी कसोटी संकटात लागते. एच-१बी कर्मचाऱ्याची नोकरी गेल्यास २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार त्याला आणि त्याच्या कुटुंबाला कमाल ६० दिवसांची सवलत मिळते. या काळात नवी नोकरी, वेगळा व्हिसा किंवा परतीचा प्रवास यांपैकी एक पर्याय निवडावा लागतो. विमा मात्र अनेकदा नोकरीच्या अखेरच्या दिवशी किंवा त्या महिन्याच्या अखेरीस संपतो. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत ‘कोब्रा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार तोच विमा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. पण मालकाचा हिस्सा बंद होतो आणि हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतः भरावी लागते. वेतन थांबलेले असताना हा भार किती कुटुंबांना पेलेल, हा प्रश्नच आहे.

घटस्फोट किंवा पतीचा मृत्यू झाल्यास पत्नीला हे कवच ३६ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येते. घटस्फोटाच्या बाबतीत विमा योजनेला ६० दिवसांच्या आत कळवण्याची जबाबदारी तिच्या बाजूवर असते. परंतु घटस्फोटाबरोबर तिचा एच-४ दर्जाही संपतो. म्हणजे विम्याचा हक्क कागदावर उरतो आणि त्या देशात राहण्याचा हक्क जातो. घरात छळ सोसणाऱ्या स्त्रीला बाहेर पडणे अवघड होते, याचे हे एक प्रमुख कारण आहे. स्त्रियांवरील हिंसाचारविषयक कायद्याच्या २००५ च्या आवृत्तीत अशा पीडित जोडीदारांना स्वतंत्र कामाचा परवाना देण्याची तरतूद झाली. तिची कार्यपद्धती निश्चित होण्यास मात्र एका दशकाहून अधिक काळ लागला.

कंपनीच्या योजनेबाहेरचा मार्ग म्हणजे २०१० च्या आरोग्य विमा कायद्याने उभारलेली सरकारी विमा बाजारपेठ. एच-४ दर्जा असलेली व्यक्ती कायदेशीर रहिवासी म्हणून तेथे विमा घेऊ शकते आणि केवळ सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही म्हणून तिला नाकारले जात नाही. परदेशातून नुकतेच आलेल्या व्यक्तीला त्यासाठी ६० दिवसांची विशेष मुदत मिळते. २०२३ पासून एक महत्त्वाची सुधारणाही झाली. कंपनीचा विमा परवडणारा आहे की नाही, हे ठरवताना संपूर्ण कुटुंबाचा हप्ता विचारात घेतला जाऊ लागला, त्यामुळे काही जोडीदार करसवलतीस पात्र झाले. परंतु जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने हप्त्यावरील ही करसवलत २०२७ या कर वर्षापासून कायमस्वरूपी रहिवासी आणि अन्य मोजक्या परदेशी गटांपुरती मर्यादित केली आहे. एच-१बी आणि एच-४ धारक त्यात बसत नाहीत. विमा घेण्याचा मार्ग खुला राहील, त्यासाठीचा आधार नाही.

अन्य देशांतील व्यवस्था

हे अपरिहार्य आहे काय? अन्य देशांकडे पाहिल्यास तसे दिसत नाही. जर्मनीत परदेशी जोडीदाराने स्थानिक कार्यालयात आपला पत्ता नोंदवला की ११ अंकी कर ओळख क्रमांक टपालाने घरी येतो. नोकरी आहे किंवा नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. २००८ पासून हा क्रमांक तेथील प्रत्येक नोंदणीकृत रहिवाशाला, अगदी तान्ह्या बालकालाही, दिला जातो. कमावता जोडीदार वैधानिक आरोग्य विम्यात असेल, तर मिळकत नसलेल्या पतीला किंवा पत्नीला वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात सामावून घेतले जाते. मात्र खासगी विमा निवडणाऱ्याला जोडीदारासाठी स्वतंत्र हप्ता भरावा लागतो, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते.

ब्रिटनने वेगळा मार्ग स्वीकारला आहे. तेथे व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी तो १,०३५ पौंड झाला. रक्कम मोठी आहे आणि ती आगाऊ द्यावी लागते. पण त्यानंतर राष्ट्रीय आरोग्य सेवेचा लाभ घेण्यासाठी नोकरीशी निगडित राष्ट्रीय विमा क्रमांकाची अट नाही. दुबईत २०१३ च्या कायद्यानुसार आश्रितांचा आरोग्य विमा ही त्यांना बोलावणाऱ्या प्रायोजकाची जबाबदारी ठरवण्यात आली आहे. तिन्ही ठिकाणी अवलंबित्व संपलेले नाही. परंतु तेथे जोडीदाराच्या विम्याचा विचार त्याच्या प्रवेशाबरोबरच केला जातो. अमेरिकेत तो कर्मचारी आणि त्याची कंपनी यांच्यावर सोडलेला आहे.

या तुलनेत भारतालाही स्वतःकडे पाहावे लागेल. भारतीयाशी विवाह करून येथे आलेल्या परदेशी व्यक्तीला आधार क्रमांकासाठी अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस येथे वास्तव्य केल्याचे दाखवावे लागते. परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डासाठी नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. या मधल्या काळात बँक, भ्रमणध्वनी आणि विमा यांसाठी तिलाही पारपत्र आणि व्हिसाच दाखवत फिरावे लागते. आपल्या मुलींसाठी परदेशात जी सुलभता आपण मागतो, ती येथे आलेल्या सुनांना आणि जावयांनाही द्यायला हवी.

उपायांची दिशा

कुटुंबांच्या हातात काही गोष्टी आहेत. विवाहाची नोंदणी तातडीने करावी. जोडीदार अद्याप भारतात असला, तरी विवाहापासून ३० दिवसांच्या आत कंपनीला कळवून विम्यात नाव घालता येते का, हे लेखी विचारावे. क्रमांकाचा रकाना रिकामा राहील, याचे कारण अर्जासोबत नमूद करावे. नावाचा मेळ हा आपल्याकडचा विशेष प्रश्न आहे. विवाहानंतर बदललेले आडनाव आणि वडिलांच्या जागी आलेले पतीचे नाव यांमुळे पारपत्र, पदवी आणि विवाह प्रमाणपत्र यांत तीन वेगळी नावे दिसतात. पारपत्रात नावाचे दोन भाग नसतील, तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे छापली जातात आणि पुढे प्रत्येक कार्यालयात तेच तिचे नाव ठरते. ही दुरुस्ती प्रस्थानापूर्वीच करावी. विवाह प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल घेण्याची सोय भारतात २००५ पासून आहे. जर्मनीने मात्र भारताच्या ॲपोस्टिलला हरकत घेतलेली असल्याने तेथे जाणाऱ्यांना वेगळ्या पडताळणीस सामोरे जावे लागते.

तथापि सर्व भार कुटुंबांवर टाकणे योग्य नाही. परित्यक्ता आणि संकटग्रस्त स्त्रियांना परदेशातील भारतीय वकिलातींमार्फत २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधीतून साहाय्य मिळते. ते संकटानंतरचे साहाय्य आहे. प्रस्थानापूर्वी क्रमांक, विमा आणि स्वतःचे हक्क यांची माहिती मराठीसह भारतीय भाषांत देणारी व्यवस्था असेल, तर अनेक संकटे तेथपर्यंत जाणारच नाहीत. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षा करार नाही. तो प्रश्न उभय देशांच्या चर्चेत आजवर वेतनातून कापल्या जाणाऱ्या अंशदानाच्या परताव्यापुरता राहिला. जोडीदाराचा क्रमांक आणि विमा हे विषयही त्याच मेजावर यायला हवेत.

व्हिसा देताना ज्या राष्ट्राने पती-पत्नीच्या नात्याची खातरजमा केलेली असते, त्याच राष्ट्रात त्यांतील एका व्यक्तीला पुढची अनेक वर्षे आपले अस्तित्व दुसऱ्याच्या क्रमांकाने सिद्ध करावे लागते. १९३६ मध्ये वेतन मोजण्यासाठी तयार झालेली पद्धत आज माणसे मोजत आहे. त्या मोजणीतून घर सांभाळणारी व्यक्ती सुटते, तेव्हा दोष तिच्या कागदपत्रांत शोधण्याऐवजी पद्धतीत शोधला पाहिजे.